ताटली खाणारा माणूस

बाबांनी दोन्ही अंगठे ताटलीच्या काठावर ठेवले, कट्‌कन एक तुकडा मोडला, मागच्या रांगेलाही दिसेल असा वर धरला आणि तोंडात टाकला. प्रदर्शनाचा हॉल एकदम गप्प झाला. बाबा चावत होते. कर्रम कर्रम असा आवाज मला तिसऱ्या रांगेत ऐकू येत होता.

शेजारी उभे असलेले ताटल्यांच्या कारखान्याचे धाकटे मालक हात पसरून म्हणाले, "यात काहीही नाही! फक्त निसर्ग आहे!"

बाबांनी गिळलं, मान डोलावली आणि टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती माझ्या मांडीवर बसलेली माझी मुलगी.

"माझे आजोबा आहेत ते," तिने पुढच्या बाईंच्या पाठीत बोट खुपसून सांगितलं. "ते ताटली खातात."

"हो का? आणि जेवतात काय?"

"जेवण पण खातात. पण थोडंच."

हे मात्र अगदी खरं होतं. प्रदर्शनाच्या दिवशी बाबा चार-पाच ताटल्यांचे काठ खाऊन घरी यायचे आणि जेवायला बसले की नुसता भात चिवडत राहायचे. सासूबाई चिडायच्या. "बाहेर ताटल्या खाऊन येतात आणि घरी माझ्या आमटीला नावं ठेवतात," असं त्या शेजारणीला सांगायच्या. शेजारणीला वाटायचं, ही काहीतरी बोलण्याची पद्धत असेल.

बाबा म्हणजे माझे सासरे. ते जिथे काम करायचे तिथे गव्हाच्या कोंड्यापासून ताटल्या आणि वाट्या बनवतात. जेवण झालं की फेकून द्यायच्या, मातीत जातात, प्लास्टिकचा प्रश्न मिटतो. बाबा मुळात तिथे प्रेसवर होते. पोत्यातून कोंडा घ्यायचा, ओलसर करायचा, साच्यात टाकायचा, वरून तापलेला प्रेस दाबायचा, की खाली ताटली. असं कितीतरी वर्षं त्यांनी मान खाली घालून केलं. मग एकदा एक बडं गिऱ्हाईक कारखाना बघायला आलं आणि त्याने विचारलं, "याचा कण जेवणाबरोबर पोटात गेला तर काही होणार नाही ना?" धाकटे मालक तेव्हा नुकतेच कॉलेज संपवून आले होते. ते उत्तर जुळवत असतानाच बाबांनी प्रेसखालची गरम ताटली उचलली, तुकडा मोडला आणि खाल्ला. गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे माल घेतला.

झालं. दुसऱ्या दिवसापासून बाबांचा प्रेस सुटला. त्यांना पांढरा कोट मिळाला, छातीवर हिरवं पान शिवलेला. जिथे प्रदर्शन असेल तिथे कोट घालून जायचं, ताटली खायची आणि परत यायचं. कारखान्यात त्यांना सगळे ताटलीकाका म्हणायला लागले. एवढा मान बाबांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता आणि त्यांनी तो मनापासून घेतला. कोटाला ते स्वतः इस्त्री करायचे. आरशासमोर उभं राहून तुकडा कोणत्या हाताने वर धरला तर बरा दिसतो हे बघायचे.

हळूहळू त्यांची जीभ तयार झाली. "आज भट्टी जास्त तापली होती, जरा कडवट लागली." "दमट हवेतली ताटली चिवट होते, दाढेला चिकटते." एकदा एका वाढदिवसाला गेलो होतो तर बाबांनी सवयीने तिथल्या ताटलीचा काठ मोडून तोंडात टाकला आणि सगळ्यांदेखत थुंकून टाकला. "हा तर कागद आहे!" ते यजमानीणबाईंना म्हणाले, अगदी दुखावलेल्या आवाजात. केक त्यांनी हातावर घेऊन खाल्ला.

मी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते त्या प्रदर्शनानंतर धाकटे मालक गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आले. माझ्या मुलीचे पुढचे दोन दात नवे आलेले, जरा मोठेच. बाबांनी त्यावरून तिचं नाव खारूताई ठेवलं होतं.

"काका, ही तुमची नात? वा! पुढच्या महिन्यात शाळांची माणसं येणार आहेत, जेवणाच्या ताटल्या ठरवायला. तिला पण स्टेजवर घेऊ. आजोबा आणि नात, दोघं मिळून ताटली खातील! बघाच तुम्ही."

बाबांची छाती इतकी फुगली की कोटावरचं पान ताणलं गेलं. "चालेल साहेब," ते म्हणाले. "माझ्या नजरेखाली शिकेल."

आता खारूबद्दल सांगायला हवं, कारण तेव्हा आमच्या घरात तिच्या पोटाशिवाय दुसरा विषय नव्हता.

ती वाढत नव्हती. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. वर्गात सगळ्यांत लहान दिसायची आणि दुपारी बाकावर डोकं टेकून झोपून जायची. खूप तपासण्या झाल्यावर, त्या प्रदर्शनाच्या काही महिने आधी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गव्हात एक चिकट प्रथिन असतं, ते हिच्या आतड्याला सोसत नाही. औषध नाही. गहू बंद, कायमचा. "चुकून पडलेला कणसुद्धा नको," त्या म्हणाल्या.

मी दिवसभर एका कंपनीच्या फोनवर वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकते. समोरचा कितीही ओरडला तरी माझा आवाज चढत नाही. पण त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मला रडू फुटलं. बाबा माझ्याबरोबर होते. ते म्हणाले, "सूनबाई, रडू नकोस. आपण घरातून गव्हाची हकालपट्टी करू. मी बघतो."

आणि त्यांनी खरोखरच बघितलं. पाव गेला, बिस्किटं गेली, केक गेला. पिठाचे डबे गरम पाण्याने धुतले गेले. माझा नवरा व्हॅन चालवतो, तो व्हॅनमध्ये सँडविच खाऊन आला तर बाबा त्याला दारातच अडवून शर्ट झटकायला लावायचे. नवरा बिचारा पायऱ्यांवर उभा राहून शर्ट झटकायचा, शेजारी बघायचे. सासूबाई म्हणायच्या, "हे घर आहे की जकातनाका आहे?" पण त्यांनीही नातीसाठी स्वयंपाकघर वेगळं मांडलं.

मग बाबांना खारूच्या स्टीलच्या ताटलीची शंका आली. तिच्या काठाच्या वळलेल्या पट्टीत जुनं पीठ अडकलं असेल तर? घासून निघेल याची काय खात्री? त्यांनी ती ताटली माळ्यावर टाकली आणि कारखान्यातून नव्याकोऱ्या ताटल्यांचं बंडल आणलं. पाकिटावर हिरवं पान आणि खाली लिहिलेलं, 'शंभर टक्के वनस्पतीपासून.' रोज प्रत्येक जेवणाला नवी ताटली, नवी वाटी. "कोणाचा हात लागलेला नाही, कशाचा कण नाही," बाबा म्हणाले. "जगातली सगळ्यांत सुरक्षित ताटली. मी गॅरंटी देतो."

आम्ही चार मोठी माणसं त्या घरात होतो. ताटली कशाची असते हे चौघांनाही तोंडपाठ होतं. पण आमच्या डोक्यात गहू म्हणजे पीठ, आणि पीठ म्हणजे डब्यातलं. कारखान्यातल्या पोत्यातल्या वस्तूला तर सगळे नुसतं 'माल' म्हणायचे. शिवाय ताटली ही काही खायची गोष्ट नव्हे, असं कोणीही म्हणेल. आमच्या घरात मात्र असं म्हणायची सोय नव्हती.

काही महिने गेले. खारू तसूभर वाढली नाही. रक्त पुन्हा तपासलं, पहिल्यासारखंच. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "घरात कोणीतरी लाड करतंय," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघांनी सासूबाईंकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" त्या म्हणाल्या. "मी काय विष घालीन पोरीला?"

घरी येऊन बाबांनी चौकशी सुरू केली. डबे हुंगले. कपाटं उपसली. शेजारणीला धारेवर धरलं. खारूच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला फोन करून तुमची मुलगी डब्यात काय आणते असं विचारलं, तेव्हापासून ती बाई मला ओळख देत नाही. शेवटी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, रिळांच्या मागे, बिस्किटांचा पुडा सापडला.

"हे काय आहे?" बाबा पुडा वर धरून म्हणाले, अगदी प्रदर्शनात तुकडा धरतात तसा.

"माझी आहेत ती!" सासूबाई कडाडल्या. "मी खाते! दार लावून खाते! या वयात मला चोरून बिस्किट खावं लागतं, याची तुम्हाला लाज वाटत नाही, ती मला का वाटावी?"

खरं सांगायचं तर मी तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. बाबांनीही नाही. पुडा बाहेर गेला, ड्रॉवरला कुलूप बसलं आणि सासूबाईंनी आमच्याशी बोलणं टाकलं. बोलायच्या त्या फक्त खारूशी. खारूची नखं पांढरी पडत चालली होती. मी कामावर फोन घेताना तिचाच विचार करायचे आणि लोकांच्या तक्रारी चुकीच्या लिहायचे.

अशात तो तालमीचा दिवस आला. शाळांच्या कार्यक्रमाला आठवडा राहिला होता. रविवार होता, सगळे घरी होते. जेवणं आटोपल्यावर बाबांनी कोट चढवला, खारूला खुर्चीवर उभं केलं आणि तिच्या हातात तिची धुतल्यासारखी चाटून साफ केलेली ताटली दिली.

"हं. आता नीट बघ. आधी अंगठे असे ठेवायचे..."

"मला येतं," खारू म्हणाली.

"येत नाही गं एवढ्यात. जोर लागतो त्याला. मला शिकायला..."

कट्‌. खारूने तुकडा मोडला. बाबांपेक्षा मोठा. तो सगळ्यांना दाखवला, तोंडात टाकला आणि नव्या दातांनी कर्रम कर्रम चावत, हात पसरून, धाकट्या मालकांच्या आवाजात म्हणाली, "यात काहीही नाही! फक्त निसर्ग आहे!"

आम्ही पोट धरून हसलो. नवरा टाळ्या वाजवायला लागला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं त्यांना कौतुक वाटलं. "अगं, कधी शिकलीस?"

"मी रोज खाते. जेवण झालं की खाते. सूप असलं की खालचं मऊ होतं, ते चमच्याने येतं. ते जास्त छान लागतं."

"अहो," सासूबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच बाबांशी बोलत होत्या. "हे कशाचं असतं?"

खारू चावत होती, तेवढाच आवाज.

मी झेप घेतली आणि तिच्या तोंडात बोट घालून तुकडा काढला. ती रडायला लागली. मी ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही, पण बाबांवर ओरडले. ते कोट घालून तसेच उभे होते.

"मी खातो ना गं रोज," ते म्हणाले. "मला कधी काही झालं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मी काही बोलले का? मी काहीच बोलणार नाही." हे त्या तासभर म्हणत राहिल्या. पण मग बाबा स्टूल घेऊन माळ्यावर चढायला लागले, तेव्हा स्टूल धरायला त्याच गेल्या. बाबांनी वरून स्टीलची ताटली काढली, मोरीत बसून ती घासली, काठाची पट्टी सुईने कोरून काढली आणि पुन्हा घासली. उरलेलं बंडल त्यांनी कचऱ्यात टाकलं. कोट काढून खुंटीला लावला आणि त्या दिवशी कोणाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. एकटे गेले असते तर साहेबांची खुशाली विचारून परत आले असते.

धाकटे मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खारूची चौकशी केली, चांगल्या डॉक्टरचं नावही सुचवलं. मग म्हणाले, "मग तिला नका आणू, काका. तुम्ही एकटेच खा."

"साहेब, शाळेत असं आणखी एखादं पोर असेल तर?"

"अहो, शेकड्यात एखादं असतं."

"आमचं तेच आहे," बाबा म्हणाले.

मालकांनी टेबलावरचा कागद सरळ केला. बाबा जरा पुढे सरकले. "पाकिटावर लिहू या ना साहेब. गहू. मोठ्या अक्षरात. लोकांना कळेल."

"काका, पाकिटावर 'गहू' वाचलं की लोक विचारायला लागतात. एकदा विचारायला लागले की थांबत नाहीत. उद्या विचारतील, आतून तेल झिरपू नये म्हणून काय लावता?"

"काय लावतो साहेब?"

"काका," मालक फार प्रेमाने म्हणाले, "तुम्ही फक्त खा. हे काम मिळालं नाही तर दुसरा प्रेस बंद करावा लागेल. त्यावर तुमचीच माणसं आहेत ना?"

होती. बाबांचे सगळे मित्र त्या प्रेसवर होते. बाबा उठले, साहेबांना नमस्कार केला आणि घरी निघाले. मला वाटलं, आता ते जाणार आणि मुकाट्याने ताटली खाणार. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

कार्यक्रमाला मी गेले. का गेले, सांगता येत नाही. एका शाळेचं मोठं दालन होतं, लाकडी बाकं, उंच खिडक्या. मुख्याध्यापक होते, हिशेबनीस होते आणि शाळांच्या स्वयंपाकघरातल्या बायका होत्या. पहिल्या रांगेत एक धिप्पाड स्वयंपाकीणबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या, केसांवर जाळी तशीच. कोणीही काहीही म्हणालं तरी त्या नाक मुरडत होत्या.

बाबा स्टेजवर आले. कोटाला कडक इस्त्री. अंगठे ठेवले, कट्‌कन तुकडा मोडला, वर धरला, तोंडात टाकला. प्रेसवरच्या त्यांच्या दोन मित्रांना माल मांडायला आणलं होतं, ते भिंतीशी उभे राहून बघत होते.

"यात काहीही नाही," मालक म्हणाले, "फक्त..."

"पोरांना चालेल का?" स्वयंपाकीणबाईंनी मध्येच विचारलं. "सगळ्या?"

"सगळ्यांना!" मालक म्हणाले.

बाबांनी हात वर केला.

पण तोंडात तुकडा होता, आणि नेहमीपेक्षा मोठा. बाबांनी त्या दिवशी का कोण जाणे फारच मोठा मोडला होता. तोंडात घास असताना बोलायचं नाही, ही बाबांची शिस्त. ते एक हात वर धरून चावत राहिले. कर्रम. कर्रम. सगळं दालन वाट बघत होतं. मालक हसले, मग हसायचे थांबले. "काकांना म्हणायचंय की..." त्यांनी सुरू केलं. बाबांनी दुसरा हातही वर केला. आता ते दोन्ही हात वर करून चावत होते, पोलिसांनी पकडल्यासारखे. कोणीतरी फिसकन हसलं. मी हसले नाही. शेवटी घास दाढेला चिकटला. मालकांनी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला. बाबा पाणी प्यायले, त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि ते म्हणाले,

"सगळ्यांना नाही चालत."

"काका..."

"हे गव्हाचं आहे. माझ्या नातीला गहू चालत नाही. तिने यात जेवून जेवून दुखणं वाढवलं आणि आम्ही तिच्या आजीला चोर ठरवलं. मी हे इतकी वर्षं खातोय, मला काही झालं नाही. पण मला झालं नाही म्हणजे तुमच्या पोरांना होणार नाही, असं नाही ना? ते माझं पोट आहे." ते स्वयंपाकीणबाईंकडे वळले. "ज्यांना गहू चालतो त्यांना खुशाल द्या. ताटली चांगली आहे. आमची माणसं मेहनतीने करतात. फक्त ज्यांना चालत नाही त्यांना दुसरं काहीतरी द्या."

"आणि आतून लावता ते काय?" स्वयंपाकीणबाईंनी विचारलं.

"ते एका ड्रममधून येतं. मी कधी विचारलं नाही बाई. विचारायला हवं होतं."

त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबांनी उरलेली ताटली टेबलावर ठेवली, कोटाची बटणं काढली, कोट घडी करून ताटलीशेजारी ठेवला आणि खाली आले.

यापुढची गोष्ट थोडक्यात. स्वयंपाकीणबाईंनी घरी जाऊन दहा ठिकाणी फोन केले. शाळांनी ताटल्या घेतल्या, पण पाकिटावर 'गहू' लिहिल्यावर, आणि ड्रममध्ये काय आहे ते तपासून घेतल्यावर. ड्रम बदलला. प्रेस चालू राहिला. एका मासिकात धाकट्या मालकांचा फोटो छापून आला, खाली 'प्रामाणिक उद्योजक' असं लिहिलेलं. फोटोत त्यांनी ताटली हातात धरली होती, पण खात नव्हते.

बाबांना गोदामात पाठवलं, जुन्या पाकिटांवर 'गहू' असे स्टिकर चिकटवायला. जुनी पाकिटं संपली तेव्हा नवी छापूनच आली आणि बाबांचं काम संपलं. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. पांढरा कोट कोणाला दिला, ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही नाही. सासूबाईंच्या ड्रॉवरचं कुलूप मात्र त्यांनी स्वतः काढलं आणि आत बिस्किटांचा नवा पुडा ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "आता चोरून खायची सवय लागली आहे, उघड खाल्लं तर गोड लागत नाही." तरी खाल्लं.

खारूची नखं आता गुलाबी आहेत. जुने बूट घट्ट होऊ लागले, त्या दिवशी मी ते बूट हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

परवा रात्रीची जेवणं झाली. बाबा आणि खारू शेजारी शेजारी बसले होते, दोघांपुढे स्टीलच्या ताटल्या. बाबांचं लक्ष दुसरीकडे कुठेतरी होतं. त्यांनी दोन्ही अंगठे ताटलीच्या काठावर ठेवले आणि जोर लावला.

खारू बघत होती. "आजोबा," ती हळूच म्हणाली, "ही मोडत नाही."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. अंगठे त्यांनी आणखी थोडा वेळ तिथेच ठेवले. मग त्यांनी तिची ताटली आपल्या ताटलीवर ठेवली आणि दोन्ही घासायला घेऊन गेले.